दोन नागरिकांचा संसार

प्रा. मधू दंडवते यांच्या जन्माला जानेवारी २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. प्रमिलाताई दंडवते यांची जन्मशताब्दी २०२८ मध्ये येत आहे. या दोन शताब्द्यांच्या मधला काळ दोघांचे एकत्र स्मरण करण्यास योग्य आहे. एकत्र स्मरणाचा आग्रह धरण्याचे कारण केवळ भावनिक नाही. सार्वजनिक पुरुषाविषयी लिहिताना ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ असे एक वाक्य टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रमिलाताईंच्या बाबतीत हे वाक्य अन्यायकारक तर आहेच. शिवाय त्यामुळे या संसारातून घेण्यासारखा राजकीय धडाही आपल्या हातून निसटतो.

दंडवते मूळचे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. पदार्थविज्ञान हा त्यांचा विषय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत उभारलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. बेचाळीसचा लढा, १९५५ चा गोवा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ यांत त्यांची वाटचाल घडली. प्रमिलाताई मुंबईच्या, चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या आणि राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या. या दोघांपैकी लोकप्रतिनिधी म्हणून आधी निवडून आल्या त्या प्रमिलाताई. १९६८ ते १९७३ या काळात त्या मुंबई महापालिकेच्या सदस्य होत्या. दंडवते १९७० साली विधान परिषदेत आणि १९७१ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध मुंबईच्या गृहिणींना रस्त्यावर आणणाऱ्यांतही प्रमिलाताई होत्या. पतीच्या प्रतिष्ठेच्या प्रकाशात पुढे आलेल्या पत्नीचे हे चरित्र नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

या सहजीवनाची खरी परीक्षा आणीबाणीने घेतली. २६ जून १९७५ रोजी दंडवते यांना बंगळूरमध्ये अटक झाली. संसदीय समितीच्या कामासाठी तेथे गेलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही त्याच वेळी पकडले गेले. पाठोपाठ जुलैमध्ये प्रमिलाताईंना ‘मिसा’खाली स्थानबद्ध करून येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पती बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी येरवड्यात. आरोप नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. अशा स्थितीत सुमारे दीड वर्षात दोघांनी एकमेकांना दोनशेच्या आसपास पत्रे लिहिली. तुरुंगाधिकाऱ्याच्या नजरेखालून जाणारी ही पत्रे होती. तरीही त्यांत प्रेम आहे, संगीत आहे, पुस्तके आहेत आणि स्वातंत्र्याविषयीचे चिंतन आहे. ज्या शासनाने या दोघांचे नागरिकत्व काढून घेतले होते, त्याच शासनाच्या कोठडीत बसून ती दोघे एकमेकांशी मात्र नागरिक म्हणून बोलत राहिली. हुकूमशाहीला माणसाचा एकटेपणा हवा असतो. तो या पत्रांनी तिला मिळू दिला नाही.

जनता सरकारात दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि मराठवाड्याच्या प्रवाशाला ते त्या खात्यामुळे आठवतात. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या त्यांच्या काळात आल्या. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेल्या गीतांजली एक्सप्रेसमध्ये त्यांनी वर्गभेदच ठेवला नाही. मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठणाऱ्या परभणीच्या माणसाला गरिबाच्या पाठीचा विचार करणारा मंत्री म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना पुन्हा कामावर घेण्यात आले. पूर्ण्यासारख्या रेल्वेच्या गावात या निर्णयाचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको. पुढे १९८९-९० मध्ये अर्थमंत्री असताना कोकण रेल्वेच्या पायाभरणीत त्यांचा वाटा होता.

हे सारे लोकांच्या लक्षात आहे. प्रमिलाताईंचे काम मात्र तितके लक्षात नाही. महिला दक्षता समितीच्या उभारणीत त्या अग्रभागी होत्या. १९८० साली उत्तर मध्य मुंबईतून त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि सातव्या लोकसभेत पती-पत्नी दोघेही विरोधी बाकांवर बसले. १९६१ चा हुंडाबंदी कायदा कागदावरच राहिला होता. तो कडक व्हावा यासाठी त्यांनी सभागृहात आणि सभागृहाबाहेर सतत झगडा दिला. १९८४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. विधिमंडळांत स्त्रियांना राखीव जागा असाव्यात ही मागणीही त्यांनी लावून धरली. त्यासंबंधीचे पहिले सरकारी विधेयक १९९६ साली आले. घटनादुरुस्ती संमत व्हावयास २०२३ साल उजाडले, आणि तीही जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांच्या अटीला बांधून. प्रमिलाताई डिसेंबर २००१ मध्ये गेल्या. दंडवते नोव्हेंबर २००५ मध्ये गेले.

रेल्वेची गादी दिसते, तिच्यावर बसता येते. हुंड्याचा कायदा घराच्या आत शिरू पाहतो, आणि घराच्या आत काय चालते हे पाहण्याची आपली तयारी नसते. म्हणून पतीचे काम स्मरणात राहिले आणि पत्नीचे तळटिपेत गेले. या विस्मरणाची किंमत आमच्या परभणी जिल्ह्याने मोजली आहे.

मुलीच्या विवाहाचे किमान वय पंधरावरून अठरावर नेणारी दुरुस्ती १९७८ साली झाली. ज्या सरकारात दंडवते मंत्री होते, त्याच सरकारच्या काळातली ती. त्यानंतर चाळीस वर्षे लोटल्यावर, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय आढळले? परभणी जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. राज्याची सरासरी सुमारे २२ टक्के आहे. म्हणजे आमचा जिल्हा तिच्या दुपटीहून पुढे!

याला अज्ञान म्हणून सोडून देता येणार नाही; याच्या मुळाशी अर्थकारण आहे. बीडला लागून असलेल्या गंगाखेड-सोनपेठच्या पट्ट्यातून दरवर्षी कुटुंबे ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकट्या माणसाला पुरता कोयता मानले जात नाही, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकायचे. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचेही उरकायचे. वय वाढले की हुंडा वाढतो, ही भीती निराळीच. या व्यवस्थेत स्त्री अर्धा कोयता असते. उचलीच्या वहीत तिचे स्वतंत्र नावही बहुधा नसते.

एकीकडे जोडपे म्हणजे एक कोयता, आणि दुसरीकडे जोडपे म्हणजे दोन नागरिक. दंडवते दांपत्याचे जवळजवळ अर्धशतकाचे सहजीवन या दुसऱ्या कल्पनेचा पुरावा आहे. ते शिकलेले होते, शहरातले होते, त्यांना हे जमले, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु शिक्षण आणि शहर यांचा लाभ असलेल्या किती घरांत असे सहजीवन दिसते, हेही विचारावे लागेल. उलट, गरिबाच्या घरात समता यावयाची तर तिला आधी आर्थिक आधार हवा, हाच समाजवादाचा आग्रह आहे. उचल आणि मजुरी स्त्रीच्या नावे स्वतंत्र नोंदली गेली पाहिजे. ऊसतोड मजुरांच्या मुलींसाठी वसतिगृहे हंगामापुरती न राहता बारावीपर्यंत हक्काची झाली पाहिजेत. २००६ च्या कायद्याने बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ज्या ग्रामसेवकावर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर आहे, त्याच्यामागे ग्रामसभा उभी राहिली पाहिजे. एकट्या अधिकाऱ्याने गावाचा रोष पत्करावा, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे.

आणि यात कार्यकर्त्याचे घर वगळून चालणार नाही. व्यासपीठावर समतेचे भाषण आणि घरी हुंड्याची बोलणी, हे दृश्य पुरोगामी म्हणविणाऱ्यांतही अपरिचित नाही. हुंडा घेतला-दिला जाणाऱ्या किंवा अल्पवयीन मुलीच्या लग्नाच्या मांडवात आपण अक्षता टाकावयास जाणार नाही, एवढा निर्धार जिल्ह्यातल्या शे-दोनशे कार्यकर्त्यांनी केला आणि पाळला, तरी प्रमिलाताईंच्या जन्मशताब्दीला परभणीतून काही पोहोचले असे म्हणता येईल. तसबिरीला हार घालणे त्यामानाने फार सोपे आहे.