दोरीत झोल असतोच : दहावीचे गणित आणि आपली मुले

एनसीईआरटीच्या दहावीच्या गणितात पतंगाचे एक उदाहरण आहे. पतंग ६० मीटर उंचीवर, दोरीचा जमिनीशी कोन ६० अंशांचा, दोरीत झोल नाही असे मानून दोरीची लांबी काढायची. उत्तर सुमारे ६९ मीटर येते. बडोद्याच्या गच्चीवर उत्तरायणाचे दोन दिवस काढलेल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते की मांजाला झोल असतोच. तरीही परीक्षेत तो मुकाट्याने उत्तर लिहितो, गुण मिळवतो आणि पान उलटतो.

उदाहरणात चूक काही नाही. काहीतरी गृहीत धरल्याशिवाय गणित सुरूच होत नाही. आमची तक्रार पुढचा प्रश्न विचारला जात नाही, ही आहे. पतंगाकडे पाहताना नजर ६० अंशच वर जाते आणि फिरकीतून मांजाही ६९ मीटरच गेला आहे, पण त्याला झोल आहे. मग पतंग ६० मीटरच्या वर असेल की खाली? झोलात काही मांजा खर्च झाला, म्हणजे खाली. किती खाली, हे गच्चीवर उभे राहून अंदाजाने ठरवावे लागते. गणित व्यवहारात लावणे म्हणतात ते हेच.

हा विषय आत्ताच काढण्याचे कारण गेल्या वर्ष-दोन वर्षांत पुढे आलेले आकडे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरीच्या मुलांची गणितातली देशाची सरासरी ६० टक्के होती, सहावीत ती ४६ वर आली आणि नववीत ३७ वर. इयत्ता वाढते तसे गणित मुलांच्या हातून निसटते आहे. त्याआधी ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना पट्टीने वस्तू मोजायला सांगितली होती. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू पट्टीवर थोडी पुढे सरकवल्यावर हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. वजाबाकी या मुलांना येत नव्हती असे नाही. इथे वजाबाकी करायची आहे, हेच अनेकांच्या लक्षात आले नाही.

तिसरा दाखला सर्वांत बोलका आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले आणि त्यांनी मुद्दाम अडनिड वजनाच्या भाज्या मागितल्या. मुलांनी तोंडी हिशेब करून नेमके पैसे सांगितले आणि सुटेही बरोबर परत दिले. त्याच मुलांपुढे शाळेच्या पद्धतीचा भागाकार कागदावर ठेवला तेव्हा बहुतेक अडखळली. उलट, बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना कागदावरचे हिशेब आले, पण बाजारातला हिशेब झेपला नाही. बाजार आणि वर्ग यांच्यामध्ये पूल आपोआप तयार होत नाही. तो बांधावा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी.

आपल्या घरांतही असा एक तुटलेला पूल आहे. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकत. शेर, मण, आणे, पैसे यांच्या व्यवहारासाठीच ती कोष्टके होती. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले आणि ती कोष्टके निरुपयोगी ठरली. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. घोकलेली युक्ती बाजार बदलला की संपते, इतकाच धडा त्यातून घ्यावा. हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. आज इंग्रजी माध्यमातला नातू ‘पावणेदोनशे’ ऐकून गोंधळतो. आजोबा आयुष्यभर बँकेत किंवा कारखान्यात हिशेब करत आले, पण त्यांचा आणि नातवाचा आकड्यांवरचा संवादच थांबला आहे. भाषेबरोबर घरातली गणिताची शाळाही बंद पडली.

शिक्षण मंडळांना दुखणे कळलेले नाही असे नाही. सीबीएसईने नववी-दहावीच्या प्रश्नपत्रिकेतला निम्मा भाग उपयोजनावरच्या प्रश्नांना दिला आहे. दहावीच्या गणिताच्या ८० गुणांपैकी १२ गुणांचे प्रश्न एखाद्या प्रसंगावर बेतलेले असतात. दिशा योग्य आहे, पण अंमलबजावणी शिकवणीच्या वाटेने चालली आहे. बाजारात अशा प्रसंगांचे गाईड मिळते आणि मुले प्रसंगच पाठ करतात. बाग, झोपाळा, पाण्याची टाकी अशी सजावट काढली की खाली जुनेच उदाहरण निघते. लागणारे सगळे आकडे दिलेले, एकही जास्तीचा नाही, उत्तर एकच. खऱ्या आयुष्यात आकडे असे ताटात वाढून कोणी देत नाही.

खरा प्रश्न कसा असतो ते आपल्या शहराने ऑगस्ट २०२४ मध्ये अनुभवले. विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले. त्या पुराचे गणित नववीच्या मुलाच्या आवाक्यातले आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा इंच पाऊस पडला तर पाणी किती? दहा इंच म्हणजे फुटाचा पाच-षष्ठांश. तेव्हा सुमारे ८३३ घनफूट, आणि एका घनफुटात २८.३ लिटर धरले तर जवळपास २३,६०० लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरते. सोसायटीत अशी ४० घरे असतील तर साडेनऊ लाखांच्या आसपास. आता विचारा: अंगण फरशीचे केले तर हे पाणी कुठे जाणार? सोसायटीची गटारे तासाला किती नेतात? पाणी जिरवण्याचा खड्डा किती मोठा हवा? यातले काही आकडे मुलांना मोजावे लागतील, काही विचारून आणावे लागतील, काही गृहीत धरावे लागतील. दोन मुलांची उत्तरे वेगळी येतील आणि दोन्ही बरोबर असू शकतील. दोघांनी आपण काय धरले ते सांगितले पाहिजे, एवढेच.

इथे शिक्षकांची अडचण समजून घ्यायला हवी. वर्गात चाळीस-पन्नास मुले, पाऊण तासाची तासिका, डोक्यावर अभ्यासक्रम. असा एक प्रश्न दोन-तीन तासिका खातो आणि त्याला गुण देणेही अवघड. ‘आधी पाया पक्का करू, मग व्यवहार’ हे त्यांचे म्हणणे वावगे नाही. पाढे आणि अपूर्णांक न येणाऱ्या मुलाला पुराचे गणितही येणार नाही. पण नुसता पाया घालत राहून घर उभे राहत नाही, हेही वरच्या आकड्यांनी दाखवले आहे. महिन्याला असा एक प्रश्न, तोही गटाने सोडवलेला, इतकी जागा प्रत्येक शाळेला काढता येईल.

बाकीची जागा आपण काढायची आहे. हे आपल्या शहराला नवे नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी इथे कलाभवन सुरू केले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला यांचे शिक्षण तिथे मिळे. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. हात आणि डोके एकत्र चालले पाहिजे, हा विचार बडोद्यात सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्यात निवृत्त अभियंते, बँकवाले, हिशेबनीस भरपूर आहेत. सुट्टीत आठ-दहा मुलांचा गट घेऊन एकेक खरा प्रश्न हाती घ्यावा. वर्षभराची वीजबिले समोर ठेवून छतावरच्या सौर पॅनेलचा खर्च किती वर्षांत निघेल ते काढावे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण पावसाळ्यात ऊन किती आणि उन्हाळ्यात एसी किती, हे प्रत्येक घराचे वेगळे. बिनव्याजी हप्त्यांच्या जाहिरातीतले शुल्क शोधावे. गणेशोत्सवाचे अंदाजपत्रकही मुलांकडून करून घ्यावे. आणि हे बोलणे मराठीत व्हावे, म्हणजे पावणेदोनशेही परत येतील.

येत्या उत्तरायणाला एखाद्या आजोबांनी गच्चीवर नातवाला एवढेच विचारावे: तुझा पतंग किती उंच आहे, आणि ते तू कशावरून सांगतोस? उत्तर चुकले तरी चालेल. ‘कशावरून’ला त्याच्याकडे काही म्हणणे असले पाहिजे.