नाचणी नव्हे, डाळ वाढवा

राजापूरच्या घरात सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबतीला भाजलेला सुका बांगडा. दुपारी भात, रात्री कुळथाची पिठी आणि पुन्हा भात. हे जेवण पिढ्यान्‌पिढ्या पचले, कारण जेवणारा दिवसभर मळ्यात राबत होता. आता कष्ट घटले, भाताचा ढीग तेवढाच राहिला आणि चहाबरोबर खारी, टोस्ट, फरसाण आले.

यावर ‘नाचणीकडे परत चला’ हा ठरलेला सल्ला. तो अपुरा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. भाताऐवजी गहू किंवा भरडधान्य खाल्ले, पण पिष्टाचे एकूण प्रमाण तेच राहिले, तर मधुमेहाची जोखीम घटलेली दिसत नाही. त्यातला थोडा वाटा डाळी-कडधान्ये, दूधदुभत्याला दिला, तर ती घटते. म्हणजे कुळीथ खरा कामाचा; पण आपल्या पातळ पिठीत तो असतो किती? चमचा-दोन चमचे!

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. खारवलेली मासळी आणि लोणचे रोज पानात असेल, तर ते कठीणच. साखरीनाटे बंदर तालुक्यातच असताना ताजा बांगडा तरी परका नसावा.

प्रश्न फक्त सवयीचा नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात धान्याची हमी आहे, डाळीची नाही. रेशनवर तांदळाबरोबर डाळही नियमित मिळायला हवी, ही मागणी आता तालुक्यातून उठली पाहिजे.