धामण वर्गात आलीच नसती तर?

प्रसूतिगृहात ज्यांनी वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केल्या, त्यांना हे नवीन नाही. बाळ रडले की दाराबाहेरून पहिला प्रश्न येतो, काय झालं? दुसरा, वजन किती भरलं? तिसरा जरा हळू आवाजात येतो, रंग कसा आहे? आम्ही बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर नेले की पुष्कळ आज्या बाळाचे तोंड नंतर बघतात, आधी कानाची कड बघतात. कान काळसर असेल तर बाळ पुढे काळवंडणार, हा त्यांचा ठोकताळा. जन्मतः त्वचेतले रंगद्रव्य पुरते तयार झालेले नसते, खरा रंग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी दिसू लागतो, हे आम्ही शिकलेले होतो. तरीही "गोरंगोमटं आहे हो बाळ!" असे आम्हीच म्हणायचो. असे म्हटले की पेढा जरा मोठा मिळायचा. आज ते आठवले की लाज वाटते.

नोकरी सोडून आम्ही बिबवेवाडीत वस्तीच्या कामाला लागलो, तेव्हा अशीच बाळे चार-पाच वर्षांची होऊन पुन्हा आमच्यापुढे येऊ लागली. गेल्या पावसाळ्यात अप्पर इंदिरानगरातली एक ताई मुलीला घेऊन आली. मुलीचे गाल लालभडक, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली, गालावर बारीक लव. ताईने पिशवीतून एक ट्यूब काढली. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेली, पाच महिने रोज रात्री लावलेली. त्यात स्टिरॉइड होते.

इथे आरोग्याचे सांगायचे ते सांगून टाकतो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल असली नावे ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. ही औषधे वाईट नाहीत. ठरावीक त्वचारोगांत, ठरावीक दिवसांपुरती, डॉक्टरांच्या सल्ल्याने ती वापरली जातात. ती गोरे होण्यासाठी नाहीत. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि तिथेच माणूस फसतो. पुढे कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, केस येतात. लहान मुलांची त्वचा नाजूक आणि वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठा, म्हणून औषध अंगात जास्त भिनते. एकदम बंद केले तर चेहरा भडकतो, म्हणून बंदही त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच करावे. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. दुकानांत काय चालते ते आपण सगळे पाहतोच. काही नावगाव नसलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला आहे, तो थेट मूत्रपिंडावर जातो.

एवढे सगळे आम्ही त्या ताईला समजावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते कळलं हो. पण बालवाडीत हिला काळी म्हणतात, हिच्याशेजारी कोणी बसत नाही. त्याला काय लावू?"

या प्रश्नावर औषधांच्या कपाटात काही नव्हते.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर आम्ही लहान मुलांना तासभर पुस्तके वाचून दाखवतो. त्या आठवड्यात आम्ही मुलांना कोरे कागद दिले आणि स्वतःचे चित्र काढायला सांगितले. "स्किन कलर दे ना!" म्हणून एकाच खडूसाठी ओढाताण सुरू झाली. खडूंच्या पेटीतला तो फिका गुलाबी रंग आमच्या मुलांनाही 'स्किन कलर' म्हणूनच ठाऊक आहे. त्या खोलीत एकाचीही त्वचा त्या रंगाची नव्हती. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने अशाच खडूचे 'फ्लेश' हे नाव 1962 मध्ये बदलून पीच फळाचे ठेवले. आपल्याकडे ते नाव पेटीवर छापलेले असो वा नसो, मुलांच्या तोंडी आहेच.

केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पती-पत्नीने 1940 च्या दशकात असाच प्रयोग केला होता. तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुतेकांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली. शेवटी विचारले, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुले रडू लागली. 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. तीन वर्षांच्या मुलाला काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्याला सगळे कळते, फक्त सांगता येत नाही.

मग आमच्या मुलांच्या हाती पुस्तके कोणती येतात? खालच्या सोसायट्यांत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया रद्दीत टाकलेली चित्रांची पुस्तके मुलांसाठी घेऊन येतात. कागद गुळगुळीत, चित्रे सुंदर आणि पानोपानी सोनेरी केसांच्या मुली. ती पुस्तके फेकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. पण मूल अक्षराच्या आधी चित्र वाचते, आणि शंभर पानांत आपल्यासारखे कोणीच दिसले नाही तर तेही त्याला वाचता येते. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी राधा आणि यश यांच्या पुस्तकांतून साध्या घरातली साधी मुले आणली, ती आमच्याकडे फाटेपर्यंत वाचली जातात. तरी राधाचे घर वेगळे आणि डोंगरउतारावरची आमची दहा बाय दहाची खोली वेगळी.

'स्वतःवर प्रेम करा', 'आपण जसे आहोत तसे छान आहोत' हे शिकवणारी चित्रपुस्तके अलीकडे भरपूर निघतात. आम्ही बरीच चाळली. त्यातल्या पुष्कळांचे मूळ एकच, ते कुरूप बदकाचे पिल्लू. अँडरसनची ही गोष्ट 1843 ची, आपल्याकडे गदिमांच्या गाण्याने ती घराघरात पोचली. आम्हीही ते गाणे गात मोठ्या झालो. पण एकदा थांबून बघा, पिल्लू जसे होते तसे कोणी स्वीकारले का? नाही. ते पांढरेशुभ्र निघाले, राजहंसाच्या खानदानातले निघाले, म्हणून त्याचे दुःख संपले. जे पिल्लू मोठे झाल्यावरही करडेच राहिले असते त्याचे काय, याबद्दल गोष्ट गप्प आहे. आणि आमची मुलगी तर करडीच राहणार आहे.

यापेक्षा कितीतरी चांगले एक पुस्तक आम्हाला मिळाले. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचे 'काली अँड द रॅट स्नेक', लेखिका झाई व्हिटेकर, चित्रे श्रीविद्या नटराजन यांची. बाबासाहेबांवरच्या 'भीमायन' या चित्रमय पुस्तकाच्या लेखकांपैकी एक त्याच. काली हा इरुळा या आदिवासी जमातीतला मुलगा, बाप साप पकडणारा. शाळेत त्याच्याशी कोणी बोलत नाही. एक दिवस वर्गात धामण शिरते, एकच पळापळ होते, काली तिला शिताफीने पकडतो आणि सगळे त्याचे मित्र होतात. इंग्रजी पुस्तक, आम्ही चित्रे दाखवत मराठीतून सांगितले. मुले उड्या मारत होती. तेवढ्यात कोपऱ्यातून, तीच लाल गालांची मुलगी, तिने विचारले, "आणि साप आलाच नसता तर?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. खरेच, धामण आली नसती तर काली वर्षभर एकटाच बसला असता. त्याच्याशी मैत्री करायला काही कर्तबगारी का लागावी? बाकीच्या मुलांना लागली नव्हती. आपण आपल्या मुलांना कळत-नकळत हेच सांगतो, की पहिला नंबर काढ, मग बघ कशी लोकं शेजारी बसतात. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत होते. शिपाई नसला तर पाणी नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते वर्गातले हुशार विद्यार्थी होते म्हणून गोणपाट हलले नाही. आणि त्यांनी आपल्याला जे शिकवले त्याला 'स्वीकार' म्हणताच येत नाही. 'आहे ते स्वीकार' हे तर आपल्या आज्या-पणज्यांना गावाने रोजच ऐकवले होते. आम्हाला वाटते, आपल्या मुलांच्या पुस्तकातला शब्द स्वाभिमान असावा. आणि बदलायचे काम त्या एकट्या पोरावर टाकण्याऐवजी शेजारी न बसणाऱ्यांवर टाकावे.

हा विचार आमचा नाही, शंभर वर्षांपूर्वीचा आहे. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला हे आपल्याला पाठ आहे. त्याच जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये डॉ. ड्यू बॉइस यांनी काळ्या मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' हे मासिक सुरू केले. जेसी फॉसेट या लेखिका त्याचे साहित्याचे काम बघत. गोष्टी, कविता, खेळ, चित्रे आणि आपल्यासारख्याच दिसणाऱ्या मुलांचे फोटो. काळे असणे ही साधी आणि सुंदर गोष्ट आहे हे मुलांना कळावे, हा त्यांचा उघड हेतू होता. डिसेंबर 1921 पर्यंत चोवीस अंक निघाले आणि मासिक बंद पडले. पण पुढे मोठा कवी झालेला लँगस्टन ह्यूज पोरसवदा असताना त्याच्या कविता त्यात छापून आल्या. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिले होते. आपल्या चळवळीने मोठ्यांसाठी किती नियतकालिके काढली, मोजता येणार नाहीत. चार वर्षांच्या मुलासाठी काय काढले, याचे उत्तर आम्ही शोधतो आहोत. पुस्तकांच्या स्टॉलवर बाबासाहेबांची चरित्रे मिळतात, पण ती बहुतेक वाचता येणाऱ्यांसाठी. हैदराबादच्या 'अन्वेषी' संस्थेने 2008 मध्ये दलित आणि मुस्लिम मुलांच्या जगण्यातल्या गोष्टींची एक पुस्तकमाला केली, गोगू श्यामला यांच्यासारख्या लेखिकांनी त्यात लिहिले. पुण्यात, जिथे मुक्ता साळवेने चौदाव्या वर्षी निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला, तिथे हे अवघड का वाटावे?

महाश्वेता देवींचे 'द व्हाय-व्हाय गर्ल' हे आणखी एक पुस्तक आम्ही वाचले. शबर जमातीतली मोयना बाबूंच्या घरी राबते आणि वर त्यांच्या उष्ट्यासाठी उपकार का मानायचे, असे विचारते. ती कुठला साप पकडत नाही, फक्त प्रश्न विचारते, आणि पुस्तक तिच्या बाजूने उभे राहते. धुण्याभांड्याला जाणाऱ्या आया त्या दिवशी मुलांपेक्षा जास्त वेळ बसून राहिल्या.

घरी वाचताना फार काही लागत नाही. मांडीवर घ्या, चित्रावर बोट ठेवू द्या, तीच गोष्ट दहादा मागितली तर दहादा सांगा. शेवटी 'मग यातून काय शिकलास?' विचारू नका, मूल पळून जाते. पुस्तक विकत घेणे जमत नसेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तके मोबाइलवर फुकट वाचता येतात. आणि मुलापुढे 'काळीसावळी असली तरी नाकीडोळी नीटस' हे वाक्य बोलू नका. आपल्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यांतही 'गोरी, सुशिक्षित' हीच मागणी ऐकू येते, ते मुलांच्या कानावर पडतेच.

त्या मुलीचे गाल आता बरेच निवले आहेत, त्वचेच्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. बालवाडीच्या बाईंशी आम्ही दोनदा बोललो. दुसऱ्या वेळी त्यांनी बसायच्या जागा दर सोमवारी बदलायला सुरुवात केली, आता रोज कोणी ना कोणी तिच्याशेजारी असते. मैत्री झाली का, ते त्या पोरींचे त्यांना माहीत.

14 एप्रिलच्या वर्गणीतून एका डीजेचा खर्च वाचवून विहारात लहान मुलांची पुस्तके आणि तपकिरी छटांच्या खडूंच्या पेट्या घ्याव्यात, असे आम्ही मंडळाच्या मुलांना सुचवले आहे. "बघू ताई," एवढेच उत्तर आले. पुढच्या बैठकीला 'काली'चे पुस्तक घेऊन आम्ही पुन्हा जाणार आहोत.