गल्लीत एक दार मुलांसाठी

रमजानमध्ये जुन्या नाशकात रात्र उशिरा होते. तरावीह संपली तरी दूध बाजार, चौक मंडई, भद्रकालीच्या गल्ल्यांत मुले खेळत असतात आणि आईवडील निर्धास्त असतात. मोहल्ल्यावरचा हा भरवसा मोलाचा आहे. पण ज्या मुलाला घरातच बेदम मार बसतो, ज्या मुलीला ओळखीच्याच माणसाची भीती वाटते, त्यांनी कोणाचे दार वाजवायचे?

कॅनडातील लंडन शहरात १९६८ साली लोकांनी या प्रश्नाचे साधे उत्तर शोधले. काही कुटुंबांनी आपले घर संकटातल्या मुलांसाठी खुले ठेवले. पोलिसांनी घरच्यांची तपासणी करायची आणि घरात जबाबदार माणूस हजर असेल तेव्हाच खिडकीत ठरावीक पाटी लावायची, असा नियम केला. जपानमध्ये तर दुकानदारही अशी पाटी लावतात.

आपल्याकडे १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन आहे. जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. पण घाबरलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या हातात फोन नसतो. त्याला फक्त समोरचे दार दिसते.

आपल्या समाजात या विषयाला आणखी एक पदर आहे. मे २०२३ मध्ये बिहारहून सांगलीच्या मदरशात निघालेली ५९ मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर तस्करीच्या संशयावरून उतरवली गेली. त्यांना सुमारे १२ दिवस बालगृहांत काढावे लागले, सोबतच्या शिक्षकांना अटक झाली. पुढे गैरसमजातून गुन्हा नोंदल्याचे सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केले. त्याआधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. मुलांची काळजी संशयाच्या हाती गेली की काय होते, ते आपण पाहिले आहे. त्या अनुभवाने अनेकजण म्हणतात, ‘दुसऱ्याच्या मुलाच्या भानगडीत पडायलाच नको.’ ही भीती खोटी नाही. पण तिची किंमत मुलाने का मोजायची? संशय टाळायचा तर काम उघड, नोंदीचे आणि नियमाचे हवे.

म्हणून नियम आधी ठरवू या. मोहल्ल्यात चार-पाच घरे निवडावीत. घरातील प्रत्येक प्रौढाची पोलीस पडताळणी व्हावी. मुलाजवळ कधीही एकच मोठा माणूस नसावा, दोघे असावेत, त्यात एक बाई असावी. मुलाला पाणी द्यावे, धीर द्यावा, उलटतपासणी घेऊ नये. लगेच १०९८ किंवा ११२ वर फोन करावा. मूल परस्पर ठेवून घेता येत नाही. बाल न्याय कायद्यानुसार प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला समितीपुढे न्यावे लागते. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तिथे ‘घरची इज्जत’ म्हणून जमातीच्या बैठकीत समझोता करणे हा मुलावर दुसरा अन्याय होय.

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. फित्र्यासाठी गरजू घरांच्या याद्या करणारे तरुण आपल्याकडे आहेत. दुपारी गल्लीतल्या पोरांना कुरआन शिकवणाऱ्या आपा आहेत, जिच्या ओट्यावर सगळी मुले जमतात अशी एखादी खाला आहे. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी दोन मिनिटे या घरांची माहिती दिली, तर ती प्रत्येक घरात पोहोचेल. सिंहस्थ आला की गोदाकाठी हरवलेल्या मुलांनाही हीच घरे उपयोगी पडतील, मग ती कोणत्याही धर्माची असोत.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) जन्मापूर्वीच पित्याला आणि सहाव्या वर्षी आईला मुकले. आधी आजोबांनी, मग काकांनी त्यांना जवळ केले. यतीम मुलाच्या डोक्यावर हात ठेवण्याचे पुण्य आपण दर रमजानला ऐकतो. पण आईबाप असूनही यतीम झालेली मुले आपल्याच गल्लीत असतात. जकातीचा हिशेब आपण पैशा-पैशाने करतो. ईदपूर्वी एक हिशेब हाही करावा : संकटातल्या मुलाने रात्री अकरा वाजता धावत यावे, असे आपल्या गल्लीत कोणाचे दार आहे? नसेल, तर ते आपलेच का नसावे?