आधी सांगा, मग तोटी उघडा

कर्णबधिर मुलांनी अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घ्यावी, असं कॉलेजांना मनापासून वाटत असेल, तर सुरुवात प्रयोगशाळेच्या टेबलापासून करावी लागेल.

१. टायट्रेशन घ्या. एक हात ब्युरेटच्या तोटीवर, दुसऱ्यात फ्लास्क, नजर फिकट गुलाबी रंगाच्या वाटेवर. तेवढ्यात सर सांगतात, "आता अगदी थेंब थेंब." बाकीची मुलं मान न हलवता ऐकतात. कर्णबधिर मुलीला मात्र सांकेतिक भाषेच्या दुभाषाकडे वळावं लागतं; परत बघेपर्यंत रंग गडद झालेला, रीडिंग गेलेलं. पाहायला आणि ऐकायला तिच्याकडे डोळेच आहेत. त्यातून भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी मुळाक्षरं बहुतेक दोन्ही हातांनी दाखवतात. हातात फ्लास्क असताना ती शंका तरी कशी विचारणार? म्हणून सूचना पूर्ण होईपर्यंत वर्गात कुणीच तोटी उघडायची नाही. याला एक पैसाही लागत नाही.

२. दुभाषाला दाराशी खुर्ची देऊ नका. त्याला अॅप्रन आणि गॉगल द्या, शिक्षकांच्या शेजारी उभं करा, आदल्या दिवशी प्रयोग करून दाखवा. मोलॅरिटी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो ती समजावणार कशी? दोन-तीन तासांच्या प्रॅक्टिकलला दोघं हवेत, आलटून पालटून.

३. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात २०२१ साली दहा हजार शब्द झाले. तरीही टेबलावर एखाद्या शास्त्रीय शब्दाची खूण अडणारच. ती विद्यार्थी, दुभाषी आणि शिक्षकांनी मिळून ठरवावी आणि मोबाइलवर चित्रित करून पुढच्या बॅचसाठी ठेवावी.

४. रेझोनन्स ट्यूबचा प्रयोग आला की "तुला ऐकू येणार नाही, जर्नल उतरवून घे" असं म्हणणं हा अन्याय आहे. नळीच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून तो ऑसिलोस्कोपला जोडा. अनुनाद होतो तिथे पडद्यावरची लाट उंच होते, आणि ते सगळ्याच मुलांना कानापेक्षा नेमकं कळतं.

५. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातलं कलम १७ सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमायला सांगतं, परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करायलाही सांगतं. मग दुभाषाचं मानधन पालकांच्या गळ्यात का? ते शासनाने द्यावं. आणि प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, वर्षभर सोबत असलेला दुभाषीच त्या मुलीच्या टेबलाजवळ उभा असावा.