कान, आलेख आणि अडतीस हजार रुपये

मागच्या दिवाळीत चिरंजीवांनी मला एक हेडफोन आणून दिला. किंमत सांगायला तयार नव्हता. खोक्यावरची चिठ्ठीसुद्धा खरवडून काढली होती, पण बिल मात्र पिशवीत तसंच राहिलं. अडतीस हजार! नोकरीच्या पहिल्या काही वर्षांचा माझा सगळा पगार एकत्र केला तरी एवढा झाला नसता. दोन दिवस मी त्या वस्तूला हातच लावला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे लावला आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं एक जुनं ध्वनिमुद्रण ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करायला लाज कसली?

तीन आठवडे असे सुखात गेले. मग सुट्टीला नातू आला. त्याने मोबाइलवर त्याच हेडफोनचा एक आलेख काढून दाखवला. कोणीतरी यंत्राच्या कानांवर तो हेडफोन चढवून मोजमाप केलं होतं. खर्जाकडे उंचवटा आणि तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास चांगला खोल खड्डा. "आजोबा, याच्या दहाव्या हिश्श्याच्या किमतीत याहून सरळ रेघ मिळते," तो म्हणाला.

झालं! त्या दिवसापासून मला गाणं ऐकूच येईना. ऐकू येई तो खड्डा. खाँसाहेब तार षड्जाला पोचले की माझं लक्ष सुरावरून उडून खड्ड्यापाशी जाई. नातवावर थोडा रागही आला. सुखाने जेवणाऱ्या माणसाला भाताच्या तांदळाचा भाव कशाला सांगायचा?

पण आयुष्यभर पोरांना 'पडताळून पाहा' म्हणणाऱ्या मास्तराने रागावून कसं चालेल? मीच नातवाला म्हटलं, घे माझी परीक्षा. मी डोळे मिटले. त्याने कधी माझा हेडफोन, तर कधी त्याचा दोन हजारांचा माझ्या कानांवर चढवला. आवाज आधी सारखा करून घेतला, कारण थोडा मोठा असलेला आवाज माणसाला नेहमी अधिक चांगला वाटतो. कानांवरच्या गादीवरून ओळखू येऊ नये म्हणून मी हात मांडीवर ठेवले. दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखलं. वर्गात दहापैकी सहाला मी पास करत असे, पण इथे नाणं उडवूनही पाच मिळाले असते.

एवढ्यावर थांबलो असतो. पण आमच्या सौभाग्यवतींनी मध्येच सांगितलं, "अहो, हेडफोन नसतानाही मी स्वयंपाकघरातून तीन-तीन हाका मारते." म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथेही आलेखच! दोन हजार हर्ट्झपर्यंत रेघ बरी, आणि पुढे आमच्या नाणेघाटासारखी सरळ खाली. वयाने असं होतंच, डॉक्टर म्हणाले. क, च, त, स ही व्यंजनं बरीचशी त्याच उताराच्या प्रदेशात राहतात, म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही.

घरी येऊन दोन्ही आलेख शेजारी ठेवले. जिथे हेडफोनला खड्डा, तिथेच माझ्या कानांना उतार. आणि तो भरून काढायला मी नकळत आवाज वाढवत होतो! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर आवाज ८० डेसिबलच्या आसपास असावा. त्याहून मोठा आवाज फार वेळ ऐकला, तर उरलेलंही जातं. म्हणजे तो आलेख माझं सुख हिरावून घेत नव्हता, माझ्या कानांवर बेतत होतं ते सांगत होता.

खोक्यावर लिहिलंय, हा हेडफोन ४०,००० हर्ट्झपर्यंत वाजतो. तरुण माणसाचा निरोगी कान २०,००० पर्यंत ऐकतो. माझा आठ हजारांपाशीच कसाबसा पोचतो. आणि खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांवर तर वरचं फारसं काही उतरलेलंच नाही. मग ते चाळीस हजार कोणासाठी? वटवाघळांसाठी? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक हेडफोन मोजून पाहिले, तेव्हा किंमत आणि त्या रेघेचा काही संबंध आढळला नाही. हे आधी कळलं असतं, तर चिरंजीवांचे बरेच पैसे वाचले असते.

तर मग मोजमापच खरं आणि डोळ्यांतलं पाणी खोटं? असंही मला म्हणायचं नाही. आपल्याकडे हा वाद जुना आहे. आपल्या पेटीचंच घ्या. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. हा दोष मोजून दाखवता येतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी शंभरएक वर्षांपूर्वी श्रुती मोजल्या. त्या कामात त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ होती. त्यातून श्रुतींची पेटीही बनवली गेली. ती काही घरोघरी गेली नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती सत्तरच्या दशकात सैल झाली.

तरीही गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर महाराष्ट्र खूश होता, आणि आमच्या भजनी मंडळाचं आजही पेटीवाचून पान हलत नाही. याचा अर्थ गंधार बरोबर आहे असा नाही. तो चढाच आहे. आणि आनंदही खराच आहे. दोन्ही साक्षी खऱ्या, फक्त एकाने दुसऱ्याच्या खटल्यात साक्ष द्यायला जाऊ नये. 'मला आवडतं म्हणून हा अचूक' हे चूक, आणि 'हा अचूक नाही म्हणून तुला आवडलाच नव्हता' हेही चूक.

आमच्या वारूळवाडीहून खोडद जवळच. तिथल्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, मुलांना तिकडे न्यायचो. ज्या रामन यांच्या शोधाचा तो दिवस, त्यांनीच १९२१ च्या सुमारास तंबोऱ्याच्या जवारीचाही अभ्यास केला होता. नेहमीच्या नियमाने जे उपस्वर तारेतून निघायला नकोत, तेही पसरट घोडीमुळे निघतात, असं त्यांना आढळलं. मिरजेचे कारागीर त्याआधी कितीतरी वर्षं नुसत्या कानाने जवारी काढत होते. रामन यांनी मोजलं म्हणून तंबोरा बेसूर झाला नाही. उलट मला तर ते वाचल्यापासून तो अधिकच गोड लागतो.

माझं मत असं. खरेदीच्या आधी आलेख जरूर पाहावा आणि जमल्यास डोळे मिटून परीक्षा घ्यावी. कानांचा आलेख तर साठीनंतर पाहावाच. पण एकदा गाणं सुरू झालं की कागद मिटून ठेवावा.

नातवाने जाण्यापूर्वी मोबाइलमध्ये काहीतरी फिरवून तो खड्डा थोडा भरून दिला. त्यासाठी त्याला आलेखच लागला. आता आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवतो, आणि ठुमरीतले शब्द अधिक कळतात. स्वयंपाकघरातली हाक मात्र अजून दुसऱ्या खेपेलाच ऐकू येते. त्यावर डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं आहे. हेडफोन कौतुकाने मिरवणारा मी श्रवणयंत्राला मात्र महिनाभर टाळतोय. कानांवर लावायच्या दोन वस्तू, एकीचा अभिमान आणि दुसरीची लाज, हे कुठल्या मोजमापात बसतं?

असो. पुढच्या सोमवारी जाऊन घेणार आहे. इथे लिहिलं म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.