दातांची डॉक्टर व्हायचंय, मग पदवी कशात?

बहीण, नणंद किंवा जाऊ अमेरिकेत असली की हा प्रश्न कधी ना कधी आपल्यापर्यंत येतो. तिकडे वाढलेली भाची शाळा संपवून कॉलेजात निघालेली असते. तिला व्हायचे असते दातांची डॉक्टर आणि शिकायचा असतो इतिहास, नाहीतर चित्रकला! तिची आई काळजीने इकडे फोन लावते आणि आपण एका सुरात सांगून मोकळ्या होतो, "अगं, खुळी की काय? बायॉलॉजीच घ्यायला सांग तिला!"

मैत्रिणींनो, हा सल्ला आपण देतो तो आपल्याकडच्या हिशोबाने. आपल्याकडे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घ्यायचे, नीटची परीक्षा द्यायची आणि तिथून थेट बी.डी.एस. तिकडची रीत निराळी. तिथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग दंतवैद्यकाची चार वर्षे. ही पहिली पदवी अमक्याच विषयात हवी, अशी अट दंतवैद्यक कॉलेजे सहसा घालत नाहीत. 'प्री-डेंटल' हा शब्द तुमच्या कानावर येईल; पण बहुतेक ठिकाणी तो पदवीचा विषय नसतो, त्या वाटेने जाणाऱ्यांना दिलेले मार्गदर्शन असते.

मग अट असते कशाची? ठरावीक अभ्यासक्रमांची. जीवशास्त्र, साधे रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान हे विषय बहुधा प्रयोगांसह पुरे करावे लागतात. बायोकेमिस्ट्रीही पुष्कळ ठिकाणी मागतात. कुठे इंग्रजी लेखन, कुठे शरीररचनाशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र. प्रत्येक कॉलेजची यादी थोडी वेगळी असते, म्हणून ती आधीच मिळवून समोर ठेवावी.

आता बायॉलॉजीचा फायदा काय तो नीट समजून घ्या. बायॉलॉजी घेणाऱ्या मुलीचे यातले बरेचसे पदवीच्या अभ्यासातच होऊन जाते. इतिहास घेणाऱ्या मुलीला हे सारे करून शिवाय इतिहास करावा लागतो. म्हणजे दोन शेगड्यांवर स्वयंपाक. पण ही झाली सोय. नुसते बायॉलॉजी घेतले म्हणून प्रवेशाचे दार आपोआप उघडत नाही.

खरी मेख आहे ती गुणांत. तिकडचे अर्ज बहुतांशी एकाच सामाईक केंद्रातून जातात. तिथे मुलीच्या कॉलेजातल्या साऱ्या श्रेणींची सरासरी काढतात आणि विज्ञान विषयांची वेगळी. एखाद्या विषयात कमी श्रेणी मिळाली आणि तो पुन्हा करून चांगली मिळवली, तरी या सरासरीत पहिली श्रेणी पुसली जात नाही. दोन्ही धरल्या जातात. तेव्हा आईच्या आग्रहाखातर घेतलेला, मन न लागणारा विषय मुलीला नुसता कंटाळा देत नाही, तिच्या अर्जावर कायमचा डाग ठेवून जातो. ज्या विषयात ती आवडीने बसेल, तिथेच तिच्या श्रेणी चांगल्या राहतील.

याखेरीज 'डॅट' नावाची प्रवेशपरीक्षा असते, ती अमेरिकन डेंटल असोसिएशन घेते. तीत जीवशास्त्र, रसायनशास्त्राच्या दोन्ही शाखा, वाचन आणि गणित असते, पदार्थविज्ञान नसते. आणि एक मोठा गमतीचा भाग असतो नजरेचा. घड्या घालून भोक पाडलेला कागद उलगडला तर भोके कुठे दिसतील? सपाट आकार दुमडला तर कसली पेटी होईल? असे ९० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे. कागदावर फ्रॉक बेतणारी बाई म्हणेल, "हे तर आपलंच काम!" दंतवैद्याचे कामही नजरेचे नि बोटांचे. म्हणून चित्रकला, मातीकाम किंवा शिवणकामाची आवड असलेल्या मुलीला 'हे काय कामाचं?' म्हणून हिणवू नका.

वेळेचा हिशोब मात्र चोख हवा. पदवी संपताच पुढे जायचे असेल, तर डॅट आणि अर्ज हे तिसऱ्या वर्षाच्या आसपास उरकावे लागते. त्याआधी रसायनशास्त्राची मालिका पुरी हवी आणि तीही पायरीपायरीनेच होते. मधली पायरी गाळता येत नाही. पुष्कळ कॉलेजांत मुख्य विषय दुसऱ्या वर्षाअखेर ठरवला तरी चालतो, पण रसायनशास्त्र पहिल्या वर्षीच सुरू केलेले बरे. नाहीतर एक वर्ष वाढते आणि त्याबरोबर खर्चही.

खर्चाचे तर बोलायलाच नको. २०२५ साली तिकडे झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून दंतवैद्यकासारखे शिक्षण नव्याने घेणाऱ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर एवढ्यापुरतेच ठेवले आहे. अनेक खाजगी दंतवैद्यक कॉलेजांचा खर्च याच्यावर जातो. सरकारी कॉलेजे आपल्या राज्यातल्या मुलांना फी बरीच कमी लावतात. तेव्हा पहिल्या चार वर्षांतच कर्जाचा डोंगर करू नये, हे आईबापांनी जरूर बघावे. इथे सल्ला देण्याचा हक्क त्यांचा आहे.

शेवटी एक प्रश्न, जो विचारायला आपण कचरतो. प्रवेश मिळालाच नाही तर? किंवा दोन वर्षांनी मुलीचे मनच बदलले तर? त्या वेळी हातात उरते ती पहिली पदवी. तिच्या जोरावर नोकरी मिळेल का, पुढे काही शिकता येईल का, हे आजच पाहावे. रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, हिशोब, काहीही असो. पण ती नुसती जिन्याची पायरी नसावी, उभे राहण्यापुरती जमीन असावी.

फोनवर भाचीच्या आईला तीन गोष्टी सांगा. मुलीला एखाद्या दवाखान्यात चार दिवस दंतवैद्याजवळ उभे राहून काम बघू दे. तसा अनुभव कॉलेजेही विचारतात. चारपाच कॉलेजांच्या अटी एका वहीत उतरवून घे. आणि मुलीने निवडलेल्या विषयात ती यादी कशी बसते, ते तिलाच मांडून दाखवायला सांग. मांडणी जमली, तर इतिहास असो की चित्रकला, खुशाल घेऊ द्या. नाही जमली, तर ते तिचे तिलाच दिसेल. तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.